गाण्याच्या जागेचे गणगोत

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात कॉलिंगवुड नावाचा एक जुना कामकरी लोकांचा भाग आहे. तेथे जॉन्स्टन रस्त्याच्या एका कोपऱ्यावर एक जुने मद्यगृह उभे आहे. बाहेरून पाहणाऱ्याने त्याच्याकडे दुसऱ्यांदा मान वळवून पाहावे असे त्यात काही नाही. त्याचे नाव ‘टोट’. ह्या नावाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १८९३ च्या सुमारास जॉन रेन नावाच्या गृहस्थाने ह्याच रस्त्यावर एका चहाच्या दुकानाच्या पाठीमागे घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांचा बेकायदेशीर अड्डा थाटला होता. त्या अड्ड्यास लोक टोट म्हणत. अड्डा केव्हाच नाहीसा झाला. नाव मात्र मागे राहिले आणि कालांतराने ह्या मद्यगृहास येऊन चिकटले.

१९८० नंतरच्या काळात टोटमध्ये रात्री गाणेबजावणे होऊ लागले. हे गाणे म्हणजे रॉक. विजेची गिटार, ढोल आणि कानठळ्या बसविणारा आवाज ह्यांचे. खोली लहान. जमिनीवरील गालिचा वर्षानुवर्षे सांडलेल्या बिअरने चिकट झालेला, आणि ह्या चिकटपणाचे तेथील लोकांना एखाद्या कुलाचाराइतके कौतुक. ज्यांना कोणी ओळखत नाही असे चार तरुण आपली वाद्ये घेऊन यावयाचे, वीसपंचवीस माणसांपुढे वाजवावयाचे आणि चुकावयाचे. पुढच्या महिन्यात पुन्हा यावयाचे आणि थोडे कमी चुकावयाचे. ह्यातलेच काही पुढे मोठ्या नाट्यगृहांत गेले. पुष्कळसे कोठेच गेले नाहीत. परंतु ज्याला चुकण्याची सोय नाही त्याला शिकण्याचीही सोय नाही, हे संगीताच्या कोणत्याही परंपरेत खरे आहे. आपल्याकडे थोर गवयाच्या बैठकीपूर्वी एखाद्या होतकरू गायकास अर्धा तास देण्याची जी चाल आहे तिच्या मुळाशी दुसरे काय आहे? मोठ्या सभागृहास प्रसिद्ध नाव लागते, कारण हजार खुर्च्या भरावयाच्या असतात. लहान खोलीस नुसते कान लागतात. म्हणून शहरातील लहान खोल्या बंद पडू लागल्या म्हणजे त्याची झळ मोठ्या सभागृहांना लागण्यास दहापंधरा वर्षे जावी लागतात, आणि तोवर कारण काय हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

हा टोट १८ जानेवारी २०१० रोजी बंद झाला. कारण वरकरणी अगदी रुक्ष होते. रात्रीच्या दंग्यांना आळा घालावा म्हणून व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने मद्यविक्रीच्या परवान्यांचे नियम कडक केले होते. त्यांत रात्री उशिरापर्यंत जेथे संगीत चालते अशा जागा ‘अधिक धोक्याच्या’ म्हणून गणल्या गेल्या. हजार माणसे जेथे नाचतात असे मोठे क्लब आणि वीस माणसे जेथे गिटार ऐकतात अशी खोली ह्यांत नियमाने फरक केला नाही. दारात ठराविक संख्येने रखवालदार हवेत म्हणजे हवेतच. मग आत एखाद्या मंगळवारी मोजकी मंडळी शांतपणे ऐकत बसलेली का असेनात. त्यांचा खर्च निघणे अशक्य झाले, आणि टोटचे त्या वेळचे चालक ब्रूस मिल्न ह्यांनी ही जागा आपल्याने चालविणे होणार नाही असे जाहीर केले.

अशा वार्ता शहरांत नेहमी येतात. जुने उपाहारगृह बंद होते, जुने ग्रंथालय बंद होते. चार वृद्ध हळहळतात, वर्तमानपत्रात एक आठवण छापून येते आणि त्या जागी औषधांचे दुकान निघते. ह्या वेळी तसे झाले नाही. बातमी फेसबुकवरून घरोघर गेली. बंद होण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, टोटच्या दारापुढे हजारोंच्या संख्येने माणसे जमली आणि रस्त्यावरील रहदारी थांबली. ही माणसे कोण होती ते पाहण्यासारखे आहे. तीस वर्षांत ज्यांनी तेथे कधी तरी वाजविले होते ते होते. ज्यांनी ऐकले होते ते होते. तेथे ज्यांची ओळख होऊन पुढे लग्ने झाली असेही असणारच. ह्या सर्वांना टोट ठाऊक होता, पण त्यांना एकमेकांचा पत्ता ठाऊक नव्हता. समाजमाध्यमाने नवीन माणसे निर्माण केली नाहीत. विखुरलेली होती त्यांची एकमेकांशी गाठ घालून दिली. त्याचे सामर्थ्य एवढेच होते, आणि त्या आठवड्यात एवढेच पुरेसे झाले.

रिचमंड भागात बेकहाउस नावाची एक जागा आहे. तेथे वादकांना तालमीकरिता खोल्या भाड्याने मिळतात. ती चालविणाऱ्या हेलन मार्कू आणि क्विन्सी मॅक्लीन ह्या दांपत्याने ह्या गर्दीस वळण लावण्याचे काम अंगावर घेतले. ‘स्लॅम’ ह्या संक्षिप्त नावाने त्यांनी चळवळ उभी केली. ऑस्ट्रेलियातील प्रत्यक्ष संगीत वाचवा, असा त्या नावाचा अर्थ. त्यांनी मोर्चाकरिता दिवस निवडला तोही विचारपूर्वक. २३ फेब्रुवारी १९७६ रोजी ‘एसी/डीसी’ ह्या प्रख्यात बँडने उघड्या मालमोटारीवर उभे राहून शहराच्या स्वॉन्स्टन रस्त्यावरून वाजवीत मिरवणूक काढली होती आणि तिचे चित्रण झाले होते. ते चित्रण त्या देशात घरोघर माहीत आहे. त्याच तारखेस, २०१० साली, मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयापासून विधिमंडळापर्यंत मोर्चा निघाला. दिवस मंगळवार, म्हणजे कामाचा. आलेल्यांचा अंदाज कोणी दहा हजार केला, कोणी वीस हजार.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा, आणि तो ह्या सर्व विषयाचा गाभा आहे. दूरध्वनीच्या काचेवर बोट टेकवून ‘आवडले’ म्हणणे ह्यास काहीच पडत नाही. मंगळवारी कचेरीतून रजा काढून उन्हात चालणे ह्यास काही तरी पडते. राज्यकर्ते हा फरक फार चांगला ओळखतात. फेसबुकवरील संख्येने त्यांचे लक्ष वेधले असेल. त्यांचे मन बदलले ते रस्त्यावरील संख्येने. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सरकार आणि संगीतक्षेत्रातील मंडळी ह्यांच्यात करार झाला, आणि केवळ संगीत चालते म्हणून एखाद्या जागेस धोक्याची ठरविण्याची रीत मागे पडली. पुढे २०११ साली मद्यविषयक कायद्याच्या उद्दिष्टांतच प्रत्यक्ष संगीताचा उल्लेख आला. टोट तर त्यापूर्वीच, २०१० च्या जूनमध्ये, नव्या चालकांच्या हाती पुन्हा उघडला होता.

इतकी गोष्ट सांगून थांबले तर समाजमाध्यमांची ती एक आरती होईल. म्हणून त्याच शहरातील दुसरी गोष्ट तिच्या शेजारी ठेवली पाहिजे. बर्क रस्त्यावर पॅलेस थिएटर नावाचे एक जुने भव्य सभागृह होते. त्या जागी १९१२ पासून रंगमंदिर होते. अलीकडच्या काळात तेथे देशोदेशींचे बँड येऊन वाजवीत. २०१२ साली ही इमारत विकली गेली आणि नव्या मालकाने तेथे हॉटेल बांधण्याची योजना मांडली. ‘पॅलेस वाचवा’ म्हणून फेसबुकवर मोहीम निघाली, तिलाही हजारो अनुयायी मिळाले. ह्या मोहिमेत कसूर नव्हती; सभा झाल्या, अर्ज झाले, न्यायाधिकरणापुढे वाद झाला. तरीही सभागृह २०१४ साली बंद झाले, त्याच वर्षी आतील सजावट उखडली गेली, २०२० साली पाडकाम झाले आणि २०२३ साली तेथे हॉटेल उघडले.

एकाच शहरात, एकाच माध्यमाने, जवळजवळ एकाच काळात दोन जागांकरिता हाक घातली गेली; एक वाचली, दुसरी गेली. असे का व्हावे? टोटच्या बाबतीत आड आला होता तो सरकारी नियम, आणि नियम हा लोकमताने हलतो. पॅलेसच्या बाबतीत आड आली ती मालकी. ज्याने इमारत विकत घेतली त्याला हजारो लोकांच्या हळहळीशी काही कर्तव्य नसते, आणि कायदाही बहुधा त्याच्याच बाजूने असतो. दुसरेही एक कारण असू शकेल. पॅलेसमध्ये लोक कलावंतासाठी जात. आज हा बँड, उद्या तो; आजचे श्रोते उद्याच्या श्रोत्यांना ओळखत नसत. टोटमध्ये लोक टोटसाठी जात. आज कोण वाजविणार हे ठाऊक नसतानाही जात. ज्या जागेला असे श्रोते आहेत तिला गणगोत आहे. ज्या जागेला नुसते प्रेक्षक आहेत तिला फार तर हितचिंतक आहेत.

हे गणगोत जमते कसे? संकटाच्या दिवशी हाक मारल्याने ते जमत नाही. त्या दिवशी ते असावे लागते. ते तयार होते आधीच्या दहा वर्षांत, दर आठवड्याच्या बारीकसारीक व्यवहारांतून. आणि समाजमाध्यमांचा खरा उपयोग तेथे आहे. पुष्कळ संगीतगृहांचे चालक ह्या माध्यमाकडे भिंतीवरील जाहिरातीच्या कागदासारखे पाहतात. अमुक तारीख, अमुक कलावंत, अमुक दर; कागद चिकटविला की काम संपले. कागदावर कोणी काही लिहून गेला तर तो राग मानावयाचा. वस्तुतः कागदाशी बोलता येत नाही आणि ह्या माध्यमाशी बोलता येते, हाच दोहोंतील फरक आहे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी एखादा श्रोता लिहितो की मागील रांगेत ढोलापुढे गाणे ऐकू येत नव्हते. त्याला चालकाने उत्तर द्यावे, पुढच्या खेपेस ध्वनियंत्रणा बदलावी आणि तसे कळवावे. त्या श्रोत्याचे त्या जागेशी नाते जडले. तो पुढच्या वेळी येईल, आणि बरोबर आणखी एकास आणील.

ज्यांचे नाव कोणी ऐकलेले नाही अशा पहिल्या बँडचे नावही मुख्य बँडइतक्याच आदराने छापणे, तो नेमका किती वाजता उभा राहील हे सांगणे, त्याच्या वाजविण्याची एक मिनिटाची ध्वनिफीत आधी ऐकविणे, ह्या अगदी साध्या गोष्टी आहेत. परंतु ह्यांमुळे श्रोता मुख्य कार्यक्रमापुरता न येता आरंभापासून येतो, आणि आरंभापासून आलेली माणसेच एकमेकांशी बोलतात. कार्यक्रम सुरू झाल्यावर धावत येऊन संपताच धावत जाणाऱ्यांचा समाज होत नाही. जुनी छायाचित्रे हेही एक मोठे साधन आहे. ‘ह्या १९८८ च्या छायाचित्रात डावीकडून तिसरा कोण?’ एवढा प्रश्न विचारला की बावीस वर्षे भेट न झालेली माणसे एका धाग्यावर येतात. संगीतगृहाचा इतिहास पुष्कळदा असा श्रोत्यांच्याच पेट्यांतून बाहेर पडतो.

आणि पुन्हा, कोणत्या रात्री दूरध्वनी खिशात ठेवावा हेही चालकाने सांगावे लागते. वादक समोर उभा असताना शंभर हात वर धरून चित्रण करीत असले तर मागच्यास वादक दिसत नाही, आणि चित्रण करणारास तो ऐकूही येत नाही. काही जागा कार्यक्रमाच्या मध्येच एकदा, एका गाण्यापुरती, चित्रणास मोकळीक देतात आणि बाकीचा वेळ हात खाली ठेवावयास सांगतात. ही तडजोड शहाणपणाची दिसते.

माध्यमाचा एक धोका मात्र ह्याहून खोल आहे. फेसबुक हे कोणा संगीतगृहाचे नव्हे. ते एका कंपनीचे आहे. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडणाऱ्याने ओट्याचा मालक उद्या काय म्हणेल ह्याची धास्ती बाळगावी लागते. २०१८ च्या जानेवारीत ह्या कंपनीने जाहीर केले की ह्यापुढे लोकांना आप्तमित्रांचा मजकूर अधिक दाखविला जाईल आणि संस्था व धंदे ह्यांच्या पानांवरील मजकूर कमी. ज्या संस्थांनी वर्षानुवर्षे खपून हजारो अनुयायी जमविले होते त्यांना कळून चुकले की अनुयायी आपल्या नावे मांडलेले असले तरी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता आपला नाही. त्या रस्त्यावर आता जकात द्यावी लागते. म्हणून ज्या चालकांनी आपल्या श्रोत्यांचे पत्ते, निदान पत्रव्यवहाराचे इलेक्ट्रॉनिक पत्ते, आपल्या स्वतःच्या वहीत टिपून ठेवले होते ते शहाणे ठरले. माध्यमाने माणूस दारापर्यंत आणावा, दारात त्याचे नाव त्याच्या संमतीने वहीत उतरावे, आणि पुढचे बोलणे त्या वहीवरून व्हावे, हा क्रम सुरक्षित आहे.

२०२० साली करोनाची साथ आली आणि जगातील सर्वच संगीतगृहांना एकदम टाळे लागले. तेव्हा ही वही कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही ह्याची परीक्षा झाली. इंग्लंडात २०१४ साली स्थापन झालेला ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ नावाचा एक न्यास आहे. लहान संगीतगृहांची बाजू मांडणे हे त्याचे काम. लंडनमधील अशा जागा २००७ साली १३६ होत्या, त्या २०१५ पर्यंत ८८ उरल्या, असे तेथील महापौरांच्या कचेरीने काढलेल्या अहवालात नमूद आहे. त्यावरून ह्या न्यासाची निकड कळून येईल. साथीच्या आरंभी, २०२० च्या एप्रिलमध्ये, न्यासाने साडेपाचशेहून अधिक संगीतगृहांची यादी जाहीर करून त्यांना वाचविण्याची हाक दिली. ह्या हाकेत एक युक्ती होती. सर्वांकरिता एकच मोठी थैली न काढता प्रत्येक गावाच्या संगीतगृहाकरिता वेगळी थैली काढली गेली, आणि ज्या कलावंताने ज्या खोलीत पहिले पाऊल टाकले होते त्याने घरी बसून त्या खोलीकरिता गावे, असे ठरले. देशाच्या संगीताकरिता वर्गणी द्या म्हटले तर माणूस खिसा चाचपतो. आपल्या गल्लीतल्या त्या खोलीकरिता द्या म्हटले की हात बाहेर येतो.

अमेरिकेत त्याच वसंतऋतूत स्वतंत्र संगीतगृहांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. एरवी हे लोक एकमेकांचे प्रतिस्पर्धी. कलावंत कोणाकडे जाईल ह्यावरून भांडणारे. ते एका यादीत आले, आणि आपापल्या श्रोत्यांना समाजमाध्यमांवरून त्यांनी एकच काम सांगितले, की आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीस पत्र लिहा. अशी वीस लाखांवर पत्रे गेली. वर्ष संपण्यापूर्वी, डिसेंबरमध्ये, त्या देशाच्या विधिमंडळाने रंगगृहांच्या साहाय्याकरिता पंधरा अब्ज डॉलर मंजूर केले. पैसे हाती पडण्यास पुढे फार विलंब लागला, ही गोष्ट वेगळी. परंतु मेलबर्नच्या मंगळवारच्या मोर्चाचेच हे दुसरे रूप होते. ‘आवडले’ म्हणून थांबू नका, आमच्याकरिता काही तरी करा, आणि ते नेमके हे करा.

टोटची कहाणी अजून एका प्रकरणाने पुढे जाते. २०२३ च्या मार्चमध्ये ही जागा विक्रीस निघाली. आता आड आलेला सरकारी नियम नव्हता. आता प्रश्न होता पॅलेसचा, म्हणजे मालकीचा. मोर्चा काढून इमारत मिळत नाही. उत्तर मेलबर्नमध्ये ‘लास्ट चान्स’ नावाची अशीच एक लहान जागा चालविणाऱ्या दोघांनी तेव्हा एक धाडस केले. किमतीचा सुमारे अर्धा भाग लोकांनी वर्गणीने द्यावा, उरलेल्याची जोड आपण देऊ, आणि जागा विकत घेऊन पुढे ती एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन करू, म्हणजे ती पुन्हा कधी विकली जाणार नाही आणि तेथे संगीताखेरीज दुसरे काही होणार नाही, असे वचन त्यांनी दिले. वर्गणीचा आकडा होता तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. शहाण्या माणसांनी माना हलविल्या असतील. काही आठवड्यांत तो आकडा पुरा झाला आणि त्याच वर्षी खरेदीही झाली. २०१० साली पायांनी चाललेली माणसे २०२३ साली खिशात हात घालती झाली. ह्या तेरा वर्षांत त्यांतील पुष्कळजण संसारी झाले असतील आणि रात्री दहानंतर घराबाहेर पडत नसतील. तरी नाते शिल्लक होते. इंग्लंडातील न्यासानेही २०२२ साली हीच दिशा धरली आणि श्रोत्यांना भागीदार करून संगीतगृहांच्या इमारतीच विकत घेण्याची योजना काढली. तिच्यातील पहिली जागा, ॲथर्टन ह्या लहानशा गावातील ‘स्नग’, २०२३ साली न्यासाच्या ताब्यात आली.

ह्या सर्वात महाराष्ट्रातील श्रोत्यास अगदी नवे असे किती आहे? वर्गणीदारांनी मिळून गाण्याची जागा चालवावी ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पुण्याचे गायन समाज १८७४ सालचे. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ चा. मुंबईच्या उपनगरातील सबर्बन म्युझिक सर्कल १९३८ चे. सभासदाने वर्षाची वर्गणी भरावी, आमंत्रणाचे कार्ड त्याच्या घरी जावे, गवई कोण हे पाहून नव्हे तर आपल्या सर्कलचे गाणे म्हणून त्याने यावे, बैठकीनंतर जिन्यात उभे राहून गाण्याची चिकित्सा करावी. टोटच्या गणगोताहून हे निराळे नव्हते. त्या वेळी कार्ड टपालाने जात असे, आज निरोप व्हॉट्सॲपवर जातो. परंतु निरोप जाण्याची सोय वाढली तशी वर्गणीदाराची जागा श्रोत्याने आणि श्रोत्याची जागा निरोप वाचून पुढे ढकलणाऱ्याने घेतली, असे अनेक ठिकाणी झाले. गटात पाचशे नावे आणि सतरंजीवर चाळीस माणसे, हे दृश्य आता परिचयाचे झाले आहे.

नव्या साधनाने मैफल मरते, ही भीतीही जुनीच आहे. ध्वनिमुद्रिका आल्या तेव्हा ती व्यक्त झाली. १९२७ साली मुंबईस नभोवाणीचे केंद्र निघाले तेव्हाही, घरबसल्या फुकट गाणे मिळाले तर तिकीट काढून कोण जाईल, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. पुढे १९५३ साली पुण्यात भीमसेन जोशी ह्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आणि त्याची गर्दी वर्षानुवर्षे वाढतच गेली. ज्यांनी त्या गवयांची नावे आणि त्यांचे सूर प्रथम यंत्रातून ऐकले होते असे कितीतरीजण त्या मंडपात होते. यंत्राने त्यांची तहान भागविली नव्हती, ती लावली होती. समाजमाध्यमांकडूनही एवढीच अपेक्षा ठेवणे रास्त आहे, आणि तेवढी ती पुरी करतात.

मेलबर्नपासून घ्यावयाची एक गोष्ट मात्र इकडे अजून घेतली गेलेली नाही. २०१० च्या चळवळीनंतर तेथील श्रोत्यांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि २०१४ साली व्हिक्टोरिया राज्याने एक तत्त्व नियोजनाच्या नियमांत आणले. जुन्या संगीतगृहाशेजारी जो नवीन घरे बांधील त्याने त्या घरांत आवाज शिरू नये ह्याचा बंदोबस्त स्वतःच्या खर्चाने करावा. आणि जुन्या वस्तीत जो नवीन संगीतगृह काढील त्याने तो बोजा उचलावा. मागून येईल त्याने जुळवून घ्यावयाचे. इंग्लंडानेही २०१८ साली हेच तत्त्व स्वीकारले. त्यापूर्वी घडत असे ते असे: गाणेबजावण्यामुळे एखादा भाग गजबजे, म्हणून तेथे घरांच्या किमती वाढत, म्हणून नवीन लोक राहावयास येत, आणि आल्यावर पहिली तक्रार करीत ती गाण्याच्या आवाजाची.

भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात उघड्या जागी ध्वनिवर्धक बंद केला. राज्य सरकारास वर्षातून काही ठराविक दिवस, पंधरापर्यंत, ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते. बंदिस्त सभागृहास आतल्यापुरती मोकळीक आहे. नियम आवश्यक होता ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. उत्सवांतील कर्ण्यांनी रुग्णांचे आणि विद्यार्थ्यांचे जे हाल होत ते सर्वांनी पाहिले आहेत. परंतु त्याच नियमाखाली रात्रभर चालणारी मंडपातील मैफलही गेली, आणि तिच्याबरोबर मध्यरात्रीनंतरचे राग त्यांच्या वेळी, चारचौघांत ऐकण्याचा योगही बहुतांशी गेला. दरबारी ऐकावयाचा तो आता दहाच्या आत, घड्याळाकडे पाहत. ह्यावर कोणी मोर्चा काढावा असे नाही. पण बंदिस्त सभागृहास जी मोकळीक नियमातच आहे तिचा उपयोग करून वर्षातून एक दोन रात्री, आवाज बाहेर जाणार नाही अशा खोलीत, शे-दीडशे वर्गणीदारांनी पहाटेपर्यंत बसण्यास अडचण कोणती? अडचण आहे ती शे-दीडशे नावे आधी नक्की मिळण्याची, शेजाऱ्यांस चार दिवस आधी जाऊन सांगण्याची, आणि पहाटे साथीदारांस घरी पोहोचविण्याची. पहिले काम दूरध्वनीवरून एका संध्याकाळात होण्यासारखे आहे. उरलेली दोन कोणाला तरी चालत जाऊन करावी लागतील.